सरकारनं शाळेऐवजी थेट पालकाच्या खात्यात पैसे टाकले तर?

घाटमाथा_विटा

रामराम मंडळी. विट्यात माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. यंत्रमागाच्या मोटारी, विहिरीवरचे पंप, उन्हाळ्यात पंखे नि कूलर. गाव इथून जवळच. आईवडील तिथं, आम्ही चौघं इथं भाड्याच्या खोलीत.

थोरली तिसरीत आहे, आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) 25 टक्के राखीव जागांतून खासगी इंग्रजी शाळेत. आम्ही ओबीसी, त्यामुळं उत्पन्नाची अट नव्हती. लॉटरीत नंबर लागला तेव्हा गल्लीत पेढे वाटले होते. फी माफ आहे हे खरं. पण जून आला की ऑफिसातनं एक छापील चिठ्ठी हातात पडते. पुस्तकांचा संच त्यांच्याकडूनच, गणवेश, खेळाच्या तासाचा वेगळा ड्रेस, 'अ‍ॅक्टिव्हिटी', गॅदरिंग, व्हॅन. गेल्या जूनला सगळं मिळून साडेचौदा हजार गेले. कशाचे म्हणून विचारलं तर काउंटरवरचे साहेब म्हणाले, "तुमच्या मुलीचे सरकारकडून यायचे पैसे अडकलेत, आम्ही कुठून घालायचे?" मागं फी भरणाऱ्या पालकांची रांग. साहेबांचा आवाज बारीक नव्हता.

आता धाकटा पहिलीत जाईल. गावातली जिल्हा परिषदेची शाळा चौथीपर्यंत, दोन शिक्षक, पट सतरा. माझ्या वेळी एकेका वर्गात चाळीस पोरं असायची. आमच्याकडची निम्मी घरं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात, तमिळनाडू, केरळ, लांब लांब गेलेली. पोरं तिकडंच शिकतात. जी राहिलीत त्यांच्या दारात सकाळी पिवळी व्हॅन येते. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष माझा चुलतभाऊ. तो मागं लागलाय, "धाकट्याला आज्जीकडं ठेव, आपल्याच शाळेत नाव घाल, एक तरी वाढू दे."

अशात व्हॉट्सअ‍ॅपवर एक लेख आला. म्हणे सरकार आरटीईच्या एका पोरामागं शाळेला वर्षाला 17,670 रुपये देतं. तेच पैसे आईबापाच्या खात्यात टाका, लाडक्या बहिणीचे येतात तसे. आईबाप ठरवतील कुठली शाळा ते. याला व्हाउचर म्हणतात. वाचून पटलं. त्या काउंटरवर मी खिशातनं पैसे मोजणारा गिऱ्हाईक असतो तर साहेब असं बोलले असते का?

पण दुकानाचा गाळा माझ्या नावावर आहे, त्याच्या घरपट्टीत 'शिक्षण कर' म्हणून एक ओळ असते. म्हणजे मी भरतोच आहे. मग तो जातो कुठं? गावच्या शाळेत एका पोरामागं सरकारचा खर्च किती? आणि सगळ्यांच्याच खात्यात असे पैसे आले तर माझ्यासारख्याचं भलं होईल का गावची शाळा तेवढी बंद पडेल? कुणी आतलं माहीत असलेलं असेल तर सांगा. राजकारण नको, त्याला चौक आहे.

नफातोटा

लेख बरोबर आहे. कल्पना नवी नाही, मिल्टन फ्रीडमन या अमेरिकी अर्थतज्ज्ञानं 1955 सालीच मांडली होती. शिक्षणाला पैसा सरकारनं द्यावा, पण शाळा सरकारनंच चालवली पाहिजे असं कुठाय? गॅसची सबसिडी खात्यात यायला लागली तेव्हाही लोक ओरडले होते.

आपल्या शेजारीच याची नीट चाचणी झालीय. आंध्रात 180 गावांत चिठ्ठ्या टाकून काही मुलांना खासगी शाळेचं व्हाउचर दिलं आणि चार वर्षांनी मुलं तपासली. खासगी शाळेत एका मुलामागचा खर्च सरकारी शाळेच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी होता. तेवढ्यात तेलुगू आणि गणित सरकारी शाळेइतकंच आलं, हिंदी जास्त चांगलं आलं. तिप्पट पैसा घालून तेवढंच मिळत असेल तर उरलेला पैसा कुणाच्या घशात जातो हे गुरुजी मंडळींनी सांगावं.

दादा, तुमच्या गावच्या शाळेत सतरा पोरांना दोन मास्तर. हिशेब तुम्हीच करा.

खडू_फळा

हिशेब मीच करतो, कारण माझी शाळाही तसलीच आहे. पाटण तालुक्यात, डोंगराच्या कुशीत, दोनशिक्षकी. मी मुख्याध्यापक, म्हणजे शिक्षक, कारकून, गोडाऊन कीपर आणि निवडणूक आली की बीएलओ, म्हणजे मतदारयादीचं काम करणारा.

आम्हा दोघांचा पगार मिळून महिना साधारण एक लाख चाळीस हजार धरा. वर्षाचे 16 लाख 80 हजार. पट सतरा असेल तर एका पोरामागं जवळपास एक लाख. लोक हा आकडा बघून तोंडात बोट घालतात. पण आरटीई कायद्यात साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक आहेत. त्याच खोल्यांत, त्याच दोन पगारांत साठ मुलं बसली तर एका मुलामागं 28 हजार होतात. शाळा तीच, मास्तर तेच, फळासुद्धा तोच. आमची शाळा महाग झाली ती पोरं गेल्यामुळं.

आता व्हाउचर आणा. सतरांतली पाच पोरं आपापले 17,670 घेऊन व्हॅनमध्ये बसली. सरकारच्या तिजोरीतनं 88,350 रुपये बाहेर पडले. माझ्या शाळेत वाचलं काय? बारा पोरांना पहिली ते चौथी शिकवायला मास्तर लागतातच. छप्पर तेवढंच गळतं. म्हणजे पहिली काही वर्षं सरकार दोन्हीकडं भरणार, आणि मग कुणीतरी साहेब म्हणणार की बारा पोरांसाठी एवढा खर्च कशाला. वीसच्या आतला पट असलेल्या शाळा राज्यात चौदा हजारांच्या वर आहेत. 2023 साली त्या एकत्र करून 'समूह शाळा' करायचा विषय निघालाच होता, पानशेतचं उदाहरण सगळ्यांना पाठवलं होतं. पानशेतला जमलं असेल. आमच्याकडं पावसात ओढा आला की सहा वर्षांच्या पोराला पलीकडं कोण नेणार?

दादा, पैसा येतो कसा ते विचारलंत. आमचे पगार राज्य सरकारकडनं जिल्हा परिषदेमार्फत येतात, खर्चाचा सगळ्यात मोठा भाग तोच. समग्र शिक्षा या शाळांसाठीच्या योजनेचा पैसा केंद्राचा साठ आणि राज्याचा चाळीस टक्के. त्यातनं शाळेला वर्षाचं संयुक्त अनुदान मिळतं, आणि तिथं मात्र पट बघतात. तीसपर्यंत मुलं असतील तर 10 हजार, त्याच्या वर शंभरपर्यंत 25 हजार. त्या 10 हजारांत लाईट बिल, खडू, झाडू, फिनेल, नळाची तोटी, रजिस्टरं, 15 ऑगस्टची पताका. येतात तेही हप्त्यानं, कधी कधी वर्ष सरता सरता, आणि मग आठ दिवसांत खर्च दाखवा म्हणून फोन. वर्गातला पंखा जळाला तेव्हा तुमच्याच धंद्यातल्या एका पालकानं कॉइल भरून दिली, पैसे घेतले नाहीत. मी वहीत 'लोकसहभाग' असं लिहिलं. जिल्हा परिषदेच्या बऱ्याच शाळा चालतात त्या असल्या लोकसहभागावर.

शिक्षण कराचं म्हणाल तर तो 1962 च्या कायद्यातला. शहरातल्या मिळकतींवर बसतो, नगरपरिषद गोळा करते आणि राज्याकडं भरते. तुमच्या गाळ्याचा कर तुमच्या गावच्या शाळेच्या नावानं वेगळा निघत नाही, राज्याच्या एकूण पैशात मिसळतो. हे दुखणं जुनं आहे. इंग्रजांच्या काळात शेतसाऱ्याच्या रुपयामागं एक आणा लोकल फंड घ्यायचे, त्यातला तिसरा हिस्सा शिक्षणाचा. 1882 मध्ये जोतीराव फुल्यांनी शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढं हेच मांडलं की पैसा घाम गाळणाऱ्या रयतेचा आणि खर्च होतो वरच्यांच्या मोठ्या शिक्षणावर. प्राथमिक शाळांना जास्त द्या ही त्यांची मागणी होती.

नफातोटा साहेब, घशात जाण्याचं म्हणाल तर पगार मला मिळतो आणि तो वेळेवर मिळावा असं मला वाटतं. गल्लीतल्या इंग्रजी शाळेत बीएड झालेली पोरगी आठ-दहा हजारांवर राबते. खर्च कमी दिसतो तो तिच्या जिवावर. आणि आमच्यातल्या बऱ्याच मास्तरांची पोरं इंग्रजी शाळेत आहेत, ते पालकांना दिसतं. त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

मुक्ता_पिंपरी

दादा, व्हाउचरचं नंतर बघू, आधी तुमच्या साडेचौदा हजारांचं. मी दरवर्षी इथं वस्तीतल्या पालकांचे आरटीईचे फॉर्म भरून देते, त्यामुळं ही चिठ्ठी ओळखीची आहे.

सरकारनं शाळेचे पैसे थकवलेत हे खोटं नाही. संस्थाचालकांच्या संघटना थकबाकीचा आकडा दोन हजार कोटींच्या वर सांगतात. कोरोनाच्या वर्षी, 2020-21 ला, तर दर 17,670 वरून 8,000 वर आणला होता. पण ते भांडण शाळेचं आणि सरकारचं. त्याची वसुली तुमच्याकडून करायची नाही. व्हॅन तुम्ही हौसेनं लावली असेल तर तिचे पैसे द्या. 'अ‍ॅक्टिव्हिटी' आणि गॅदरिंगची सक्ती असेल तर पावती मागा, पावतीवर कशाचे ते लिहून मागा, आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार देऊन पोच घ्या. फीच्या नावाखाली जादा पैसे उकळले तर आरटीई कायद्याच्या कलम 13 खाली दहापटीपर्यंत दंड आहे. पावती मागितली की निम्मी शीर्षकं आपोआप गळतात.

आता लेखाबद्दल. त्यात एक गोष्ट गाळली आहे आणि ती तुमच्या खिशाची आहे. कायद्यात असं आहे की सरकारचा एका मुलामागचा खर्च किंवा शाळेची फी, यातलं जे कमी असेल ते शाळेला मिळणार. शाळेची फी 60 हजार असली तरी तिला 17,670 मध्येच भागवायचं, वरचे 42 हजार तुमच्याकडे मागायचे नाहीत. चाचणी परीक्षा, मुलाखत काही घ्यायची नाही. लॉटरीत नाव आलं की दार उघडायचं. खात्यात येणाऱ्या व्हाउचरला यातलं काहीच बांधलेलं नसतं. 17,670 हातात घेऊन तुम्ही काउंटरवर जाल, गिऱ्हाईक म्हणून मानही मिळेल, आणि साहेब गोड आवाजात सांगतील की उरलेले एवढे भरा. कुणाला घ्यायचं तेही तेच ठरवतील.

25 टक्के टिकवणंसुद्धा सोपं नाही हो. 9 फेब्रुवारी 2024 ला सरकारनं नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला 25 टक्के लागू नाहीत. शहरात एक किलोमीटरच्या आत अशी शाळा नसलेली जागा शोधून दाखवा! एप्रिलमध्ये पालक पोर्टल उघडायचे तर यादीत खासगी शाळा जवळपास गायबच. माझ्याकडच्या बायका स्क्रीन बघून फॉर्म न भरताच घरी गेल्या. मे महिन्यात उच्च न्यायालयानं स्थगिती दिली, फॉर्म पुन्हा भरले, आणि 19 जुलैला तो नियमच रद्द झाला. सर्वोच्च न्यायालयानंही तो निकाल हलवला नाही. त्या वर्षी पोरं शाळेत पोचेपर्यंत पहिली घटक चाचणी तोंडावर आली होती.

गुरुजींना एकच विचारते. शेजारी सरकारी शाळा आहे म्हणून आमची वाट अडवायची, हे तुम्हाला पटतं?

खडू_फळा

नाही पटत. माझी शाळा पोरांनी भरावी, पण दुसरीकडचं दार बंद केलं म्हणून नको.

फ्रिस्कोकर

मूळचा कराडचा, आता टेक्सासात डॅलसजवळ. तुमची चर्चा वाचताना मजा वाटली, कारण आमच्याकडे हे भांडण नुकतंच होऊन गेलं. 3 मे 2025 ला गव्हर्नर अ‍ॅबट यांनी व्हाउचरच्या कायद्यावर सही केली. खासगी शाळेत जाणाऱ्या मुलाला वर्षाला साधारण 10 हजार डॉलर, घरी शिकवणाऱ्यांना 2 हजारांपर्यंत. सुरुवात 2026-27 पासून, पहिल्या टप्प्याला 100 कोटी डॉलरची मर्यादा.

पण सांगायचंय ते वेगळंच. हा कायदा इतकी वर्षं अडवला कुणी? डेमोक्रॅट तर विरोधात होतेच, पण खरा खोडा घातला तो खेड्यांतून निवडून आलेल्या रिपब्लिकन आमदारांनी, म्हणजे गव्हर्नरच्याच पक्षाच्या लोकांनी. नोव्हेंबर 2023 मध्ये त्यांच्यातल्या 21 जणांनी विरोधकांना साथ देऊन 84 विरुद्ध 63 मतांनी व्हाउचर उडवून लावलं. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आमच्या गावात खासगी शाळाच नाही, व्हाउचर घेऊन पोरगं जाणार कुठं? सरकारी शाळा हीच गावातली सगळ्यात मोठी नोकरी देणारी जागा, शुक्रवारी रात्री फुटबॉलला अख्खं गाव तिथंच. पुढच्या निवडणुकीत अ‍ॅबटनी त्यातल्या बऱ्याच जणांना पक्षांतर्गत लढतीत पाडलं, तेव्हा कुठं 2025 मध्ये कायदा झाला.

निवड म्हणाल तर आमच्यासारख्यांना ती आधीपासूनच होती. इथं शाळेचा बराच पैसा घरपट्टीतून येतो, आणि कुठल्या घराला कुठली शाळा ते पत्त्यावर ठरतं. त्यामुळं देशी लोक घर बघायला जातात तेव्हा स्वयंपाकघराच्या आधी शाळेचं रेटिंग बघतात. मीही तेच केलं. ज्या भागात मिळकती महाग, तिथल्या शाळा-जिल्ह्याला (शाळा चालवणाऱ्या स्थानिक मंडळाला) जादा झालेला पैसा राज्याकडं द्यावा लागतो, त्याला इथले लोक 'रॉबिनहूड' म्हणतात आणि त्याच्या नावानं बोटं मोडतात. आमच्या मराठी मंडळातसुद्धा. गणपतीला सामाजिक समता, घरपट्टीच्या दिवशी नाही.

आणि मुक्ताताईंचा मुद्दा इथंही तसाच आहे. 10 हजारांत महागड्या खासगी शाळेची फी भागत नाही, आणि मुलाला घ्यायचं की नाही हे शाळेच्या हातात.

नफातोटा

सगळे भावनेवर आले. पाच पोरं गेली तर पैसे वाचत नाहीत हे मान्य, पण पंधरा गेली तर वाचतात. मग शाळा बंद करा, उरलेल्या दोघांना चांगल्या शाळेपर्यंत गाडी द्या. पगारापेक्षा गाडी स्वस्त. सतरा पोरांची शाळा ही शाळा आहे का? चौथीच्या वर्गात तीन पोरं असतील तर स्पर्धा कुणाशी, खेळायचं कुणाबरोबर?

खडू_फळा

खेळायला तिसरीची असतात की. चौथीचं पोरगं पहिलीच्याला पाढे सांगतं, तेव्हा दोघांचे होतात. पण तुमच्या बोलण्यात तथ्य आहे. दोन-तीनवर पट आला की शाळा उदास होते, मी असली शाळा केलीय. गाडीचं म्हणाल तर योजना कागदावर जूनला सुरू होते, गाडी कधी येते ते विचारू नका. आली तरी मुलगा गाडीनं जाईल, मुलीचं काय करायचं यावर घरात खल होतो आणि मग ती घरीच राहते. हे मी रजिस्टरात 'सतत गैरहजर' म्हणून लिहिलेलं आहे.

घाटमाथा_विटा

सगळ्यांचे आभार. मुक्ताताई, पावती मागितली. काउंटरवर नवीन मॅडम होत्या, त्या म्हणाल्या सरांना विचारून सांगते. गॅदरिंगचे पैसे 'ऐच्छिक' आहेत असं दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं. तक्रार लिहून ठेवलीय, अजून दिली नाही. थोरली तिथंच बसते ना, तिचाही विचार करावा लागतो.

42 हजारांचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. लेख पाठवणाऱ्या मित्राला विचारलं, वरचे कोण देणार? तो म्हणाला, "चांगलं पाहिजे तर थोडं भरायला नको का?" त्याची पिठाची गिरणी आहे, दोन पाळ्यांत चालते.

धाकट्याचं अजून ठरलं नाही. बायको म्हणते एक इंग्रजीत आणि एक मराठीत असं केलं तर मोठेपणी तो आपल्याला विचारेल. आई म्हणते पाठवून द्या, मी शाळेत सोडीन. गुरुजी, समजा गावात घातलं आणि नाही जमलं, तर पुढच्या वर्षी 25 टक्क्यांतून नंबर लागू शकतो का? आणि गावात घालायचं तर कधीपर्यंत?

खडू_फळा

25 टक्के प्रवेशाच्या वर्गालाच असतात. पहिलीपासून भरणाऱ्या शाळेत दुसरीला नवीन नंबर लागत नाही, त्यामुळं दोन्ही दगडांवर पाय ठेवता येणार नाही. लॉटरीचा फॉर्म भरायचा असेल तर आत्ताच भरून ठेवा, नंबर लागला तरी घ्यायलाच पाहिजे असं नाही.

गावात घालायचं असेल तर सरकारी शाळेत प्रवेश कधीही मिळतो, कुणी नाही म्हणू शकत नाही. पण संचमान्यतेला, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरवायला, 30 सप्टेंबरचा पट धरतात, आणि पोराचं आधार जुळलं तरच ते मोजलं जातं. आधारवर आणि जन्मदाखल्यावर नाव एकच आहे का ते आधी बघा. निम्म्या पोरांचं आडनाव चुकलेलं असतं, आणि दुरुस्तीला तालुक्याला खेपा पडतात.